बंद टीव्ही युनिटमध्ये होम थिएटरचा रिसीव्हर तासाभरात तापून बंद पडतो, दार तर बंदच ठेवावं लागतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत नव्या फ्लॅटमध्ये सुताराकडून भिंतभर टीव्ही युनिट करून घेतलं. रिसीव्हर, सेटटॉप बॉक्स आणि राऊटर काचेच्या दाराआड एकाच कपाटात आहेत. सिनेमा सुरू होऊन तास-सव्वा तास झाला की रिसीव्हर आपोआप बंद होतो, दार उघडं ठेवलं की नीट चालतो. पण घरात दोन वर्षांचं मूल आहे. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड बदलायला सांगितलाय, आणि तुम्ही विचारताय की बोर्ड बदलावा की कपाटात एसीची हवा सोडावी.

दोन्ही करू नका. दार उघडल्यावर चालतोय म्हणजे बोर्ड चांगला आहे. आतलं तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, त्याची रचनाच तशी असते. मी मिरजेत बावीस वर्षं टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. मार्च ते मे या तीन महिन्यांत माझ्याकडे अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत बरेच जण बंद युनिटवाले असतात.

आपल्याकडे हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे ते तुम्हाला माहीत असेल. पेव बंद केलं की आत वारा नाही, आणि म्हणूनच हळद वर्षानुवर्षं टिकायची. हळद स्वतः उष्णता तयार करत नाही म्हणून ते जमतं. रिसीव्हर मात्र सतत करतो. सात चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर चालवणारा, साधारण रिसीव्हर नुसता चालू ठेवला, आवाज अगदी बारीक असला, तरी ५० ते ८० वॉट खातो आणि ते जवळजवळ सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. त्यामुळे ‘आवाज कमी ठेवून बघा’ या सल्ल्याचा फारसा उपयोग होत नाही. प्लाय आणि सनमायका उष्णता बाहेर सोडत नाहीत, काच थोडीफार सोडते. म्हणजे कपाटात ८० वॉटचा जुना पिवळा बल्ब तासन्तास पेटता ठेवल्यासारखं होतं.

माझ्या घरी विश्रामबागेत मी हे मोजलंय. फिश टँकसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो. तो सेन्सर रिसीव्हरच्या झाकणापासून चार बोटं वर चिकटवला आणि दार लावून सिनेमा सुरू केला. हॉलमध्ये ३५ अंश होते. दीड तासानं कपाटात ५६. रिसीव्हरच्या पोटात त्याहूनही जास्त असणार. तुम्हीही आधी हे मोजा. आकडा हातात असला की पुढं केलेल्या प्रत्येक बदलाचा फायदा किती झाला ते दिसतं, नाहीतर सगळा अंदाजाचा कारभार होतो.

आता मुद्द्याचं. कपाटाला हवा आत यायला खालून वाट पाहिजे आणि बाहेर जायला वरून वाट पाहिजे. दोन्ही पाहिजेत. लोक वरची वाट करतात, पंखा लावतात आणि खालची विसरतात. मग पंखा फिरतो, आवाज करतो, पण आत यायला हवाच नसल्यानं बाहेर काय टाकणार? दाराच्या फटीतून येईल तेवढीच हलते.

माझी चूक याच जातीची होती आणि ती महागात पडली. सुतारानं मागच्या प्लायला सुरेख गोल भोक पाडून दिलं, मी पंखा बसवला आणि युनिट भिंतीला टेकवलं. पंख्याची गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येत होती. अख्खा उन्हाळा तसाच गेला. जूनमध्ये रिसीव्हर उघडला तर पॉवर सप्लायमधल्या दोन कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची, डोकी फुगलेली. या काळ्या डबीवर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं, ती त्याची मर्यादा. आणि आमच्या धंद्यात सगळे मानतात तो हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रिसीव्हर आज बंद पडून परत चालू होतोय म्हणून निभावतंय असं समजू नका, आत त्याचं वय भराभर वाढतंय.

म्हणून सुताराला बोलवायच्या आधी युनिट आणि भिंत यांत किती अंतर आहे ते बघा. पाच-सात सेंटीमीटर असेल आणि ती फट वर छतापर्यंत मोकळी असेल, तर मागच्या प्लायला वरच्या कोपऱ्यात भोक पाडा. युनिट भिंतीतच ठोकलं असेल तर कपाटाच्या बाजूच्या फळीतून, हॉलकडे तोंड करून हवा काढा. शेजारच्या बंद खणात मात्र सोडू नका, तो खणही तासाभरात तेवढाच तापतो.

आत येणारी वाट कपाटाच्या तळाशी, पुढच्या बाजूला. युनिटच्या खाली पायाशी जी पट्टी असते तिच्यात चाळीस सेंटीमीटर लांब आणि चार सेंटीमीटर रुंद अशी चीर पाडायची, आणि तिच्या बरोबर वर कपाटाच्या तळाच्या फळीतही तेवढीच. मुलाची बोटं पंख्यापर्यंत जाण्याचा प्रश्न इथं येत नाही, कारण पंखा वर आणि मागं असतो. चिरेचं क्षेत्रफळ १६० चौरस सेंटीमीटर होतं. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड साधारण ११३ असतं. आत यायची वाट बाहेर जायच्या वाटेपेक्षा मोठीच ठेवा, म्हणजे पंख्याला ओढ घ्यावी लागत नाही आणि शिट्टीसारखा आवाजही येत नाही.

मधल्या फळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. सुतार फळी मागच्या प्लायला चिकटवून बसवतो, मग प्रत्येक कप्पा स्वतंत्र पेटी होते. फळी मागून पाच सेंटीमीटर कापून घ्या. रिसीव्हर सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याची उष्णता दुसऱ्या कुणाला न भाजता थेट बाहेर जाईल. आणि त्याच्या झाकणावर काहीही ठेवायचं नाही. सेटटॉप बॉक्स रिसीव्हरच्या पाठीवर बसवलेला मी इतक्या घरांत पाहिलाय की आता दार उघडायच्या आधीच विचारतो. खालचा गरम वारा बॉक्सला भाजतो आणि बॉक्स रिसीव्हरच्या जाळ्या बुजवतो. धूळ बसू नये म्हणून वर टाकलेला क्रोशाचा रुमालही काढा. घरच्यांना वाईट वाटेल, तो रुमाल टीव्हीच्या बाजूच्या टेबलावर शोभून दिसतो असं सांगा.

पंखा किती मोठा हा हिशेब सोपा आहे. उपकरणांचे एकूण वॉट घ्या, खोलीपेक्षा कपाट किती अंश जास्त चालेल त्यानं भागा, आणि पावणेदोननं गुणा. उत्तर येतं ते मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते, पंख्याच्या खोक्यावर ज्याला सीएफएम म्हणतात. तुमचे तिन्ही मिळून १०० वॉट धरले आणि आठ अंश चालतील म्हटलं तर २२ येतात. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, वायरींचा गुंता आणि अरुंद चीर यांत निम्मी हवा अडते, म्हणून दुप्पट धरा, ४५ च्या आसपास.

कॉम्प्युटरमध्ये लागतो तो १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात एवढी हवा एकटा देतो, पण मग रात्री सिनेमातल्या शांत प्रसंगात त्याची घरघर ऐकू येते. त्यापेक्षा दोन पंखे घ्या आणि ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवा, मग खालची चीरही त्या मानानं मोठी ठेवा. हळू फिरतात, हवा तेवढीच, आवाज जवळजवळ नाही. प्लाय आणि पंखा यांच्यामध्ये रबराचे वॉशर घाला, नाहीतर फळीच घुमायला लागते. इलेक्ट्रिकच्या दुकानात २३० व्होल्टवर चालणारा कंट्रोल पॅनेलचा धातूचा पंखा दाखवतील, मजबूत म्हणून गळ्यात मारतील. तो कारखान्यातल्या पॅनेलसाठी ठीक आहे, हॉलसाठी नाही. आणि पंख्याची दिशा नीट बघून लावा. बऱ्याच पंख्यांत चौकटीच्या कडेवर बाण असतो. हवा बाहेर काढायची आहे, आत ढकलायची नाही. गरम हवा आपोआप वर जातेच, आपण तिला फक्त हात द्यायचा.

पंखा टीव्हीच्या यूएसबीवरून चालवायचा सल्लाही मिळेल. बऱ्याच टीव्हींत टीव्ही बंद झाला की ते पोर्टही बंद होतं, आणि रिसीव्हर बंद केल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं पंखा फिरायला हवा. त्यापेक्षा तापमान बघून पंखा आपोआप चालू-बंद करणारं, सेन्सरवालं १२ व्होल्टचं छोटं थर्मोस्टॅट मॉड्यूल स्वस्तात मिळतं, ते लावा. मॉड्यूलला १२ व्होल्ट लागतात, पंख्याला ९, म्हणून पंख्याचा अ‍ॅडॅप्टर वेगळा घेऊन त्याची वायर मॉड्यूलच्या रिलेमधून, म्हणजे त्यावरच्या स्विचमधून, न्या. एक गोष्ट सांगलीसाठी वेगळी. व्हिडिओत ३० अंशांवर पंखा चालू करायला सांगतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हॉलच ३६-३७ अंश असतो, मग पंखा बंदच होणार नाही. चालू ४२ ला आणि बंद ३९ ला, असं ठेवा.

सगळं बसवून झालं की एक उदबत्ती पेटवा. पंखा चालू, दार बंद, आणि उदबत्ती तळाच्या चिरेजवळ धरा. धुराची रेघ वाकून सरळ आत ओढली गेली पाहिजे. माझ्याकडे पहिल्यांदा ती तिथंच रेंगाळत होती, तेव्हा कळलं की मागच्या वायरींच्या भेंडोळ्यानं फळीची फट बुजवलीय. वायरी बांधून बाजूला घेतल्या आणि धूर झर्रकन आत गेला. त्या दिवशी हॉल ३५, कपाट ४३.

भोकांना जाळी लावा, नक्की लावा. उबेला पाल येते. पावसाळ्यात रिसीव्हरच्या जाळीतून आत शिरून पॉवर बोर्डावर चिकटलेली पाल काढायचं काम मला दरवर्षी असतं, तेव्हा मात्र बोर्ड खरंच जातो. डासांची बारीक जाळी नको, ती पंधरा दिवसांत धुळीनं बुजते. दोन-तीन मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी घ्या. त्यातही गळीत हंगामात आपल्याकडे गच्चीवर जी काजळी पडते ती या जाळीवरही बसते. हंगाम संपला की एकदा आणि दिवाळीच्या आवरासावरीत एकदा, प्लग काढून मऊ ब्रशनं पुसा. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, जोरात फिरलं तर बेअरिंग खराब होतं.

एसीची हवा कपाटात सोडायचा विचार सोडून द्या. पावसाळ्यात दमट हवेत थंड झालेल्या भागांवर ओल धरली तर गंज आणि शॉर्ट, दोन्ही. हॉलमध्ये एसी असेल तर खालच्या चिरेतून तीच गार हवा आपोआप आत जाईल.

सुतार येणारच आहे तर एक पर्याय त्याच्याशी बोलून बघा. काचेच्या जागी वेताच्या विणीचं दार. मूल आत हात घालू शकत नाही, हवा खेळती राहते, आणि रिमोटचाही सिग्नल सहसा विणीतून जातो. मोठ्या भावाच्या घरी साताऱ्याला असंच केलंय. तिथं उन्हाळा आपल्याइतका कडक नाही, त्यामुळे पंख्याशिवाय भागलं. सांगलीत वेताच्या दाराबरोबर एक तरी पंखा ठेवाच.

युनिटच्या मागं किती जागा आहे आणि दीड तासानंतरचा आकडा किती येतो, हे दोन्ही इथं लिहा. भोक कुठं पाडायचं ते मी सांगतो, तोवर सुताराला कटर लावू देऊ नका.