जुनीच औषधं दुर्मिळ आजारांसाठी शोधणं, हे एमबीबीएसनंतर खरंच करिअर होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ फायनल इयरला आहे, बाजारात आधीपासून असलेली औषधं दुर्मिळ आजारांवर चालतात का हे शोधायचं काम त्याला करायचंय आणि घरचे म्हणतायत हे कसलं करिअर, गपचूप क्लिनिक टाक. मी एमडी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र), म्हणजे "डॉक्टर आहेस मग पेशंट का नाही बघत" हे प्रत्येक लग्नात ऐकणाऱ्यांपैकी, त्यामुळे तुमच्या भावाची बाजू घेणार हे आधीच सांगते.

घरच्यांना आधी अमेरिकेतल्या डेव्हिड फेगनबॉमबद्दल सांगा. 2010 मध्ये हा पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजात फुटबॉल खेळलेला धडधाकट पोरगा, आणि काही आठवड्यांत लिव्हर, किडनी, बोन मॅरो सगळं बंद पडायला लागलं, पाद्री येऊन शेवटची प्रार्थना म्हणून गेला इथपर्यंत. निदान झालं कॅसलमन डिसीजच्या सगळ्यात वाईट प्रकाराचं, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते. केमोने वाचला, पण आजार परत परत उलटत राहिला आणि ज्या नव्या औषधावर सगळ्यांची भिस्त होती ते याला लागूच पडलं नाही.

आता खरा भाग. आजारपणात त्याच्या अंगावर बारीक लाल ठिपके उठायचे, तो डॉक्टरांना दाखवायचा आणि ते म्हणायचे सोड रे, इथे अवयव निकामी होतायत आणि तू तिळाचं काय घेऊन बसलायस. याने ते डोक्यात ठेवलं. नंतर स्वतःचे जुने रिपोर्ट आणि साठवलेले रक्ताचे नमुने काढून बसला तर आजार उलटायच्या आधी टी-सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, चेकाळलेल्या आणि व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रोटीन, वाढलेलं, म्हणजे ते ठिपके उगाच नव्हते. दोन्ही धागे एमटॉर नावाच्या पाथवेकडे, म्हणजे पेशींना वाढायचे संकेत देणाऱ्या साखळीकडे, जात होते, आणि एमटॉर अडवणारं औषध तर 1999 पासून किडनी ट्रान्सप्लांटच्या पेशंटना देतातच, सिरोलिमस. जानेवारी 2014 मध्ये त्याने ते स्वतःवर सुरू केलं, मे मध्ये लग्न केलं, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी आजार परत आलेला नाही. सगळ्याच कॅसलमन पेशंटना ते चालत नाही हेही खरं, तो स्वतःच ते सांगतो.

सिरोलिमसची तर वेगळीच गंमत आहे. ईस्टर आयलंडच्या मातीतल्या जिवाणूंपासून सापडलेलं, आधी बुरशीवरचं औषध म्हणून बघितलेलं, आणि कंपनीने मॉन्ट्रियलची लॅब बंद केली तेव्हा बनारस हिंदू युनिव्हर्सिटीत शिकलेल्या सुरेन सहगल यांनी ते घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलं म्हणून वाचलं.

मग इतकी साधी गोष्ट सगळे का करत नाहीत? पैसा. पेटंट संपलेल्या गोळीवर ट्रायल करायला कुठली कंपनी कशाला खर्च करेल, सिद्ध झालं तरी विकणार वीस जण! म्हणून फेगनबॉमने 2022 मध्ये एव्हरी क्युअर ही ना-नफा संस्था काढली, साधारण 4,000 औषधं आणि 18,000 आजार यांच्या जोड्या एआय लावून तपासतात, आणि 2024 मध्ये अमेरिकन सरकारकडून 4.8 कोटी डॉलरच्या वर निधी मिळाला.

आपल्याकडचं सांगायचं तर एकदा एका मुलाचे वडील प्लास्टिकच्या पिशवीत चार पानी केस रिपोर्ट (एखाद्या पेशंटवरच्या उपचाराचा छापलेला लेख) घेऊन माझ्याकडे आलेले, हिरव्या स्केचपेनने ओळी रंगवलेल्या. औषध आमच्याच फार्मसीच्या रॅकवर होतं, पण लहान मुलाचा डोस कुठे लिहिलेला नाही आणि काही झालं तर जबाबदार कोण, म्हणून कोणी सही करेना. मी दोन संध्याकाळी पेपर चाळले, धड काही हाती लागलं नाही, ते परत आले नाहीत. ती पिशवी अजून डोळ्यासमोर येते.

रस्ता मात्र आहे. 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत मंजूर औषधाची नव्या आजारासाठी अकॅडमिक ट्रायल करायची असेल, आणि डेटा मार्केटिंगची परवानगी मागायला वापरणार नसाल, तर केंद्राकडे न जाता एथिक्स कमिटीच्या मंजुरीवर करता येते, हे बऱ्याच क्लिनिशियननाच माहीत नसतं. भावाला मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्समध्ये एमडी करू दे, कारण पेशंट समोर नसेल तर लाल ठिपके दिसणार कुठून (हे फार्माकॉलॉजीवाली सांगतेय, लिहून घ्या). किंवा फार्माकॉलॉजी करून मुंबईत केईएमला डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी) क्लिनिकल फार्माकॉलॉजी आहे, आणि दुर्मिळ आजारांच्या सरकारी धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्सपण तिथेच आहे. बायोस्टॅट, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचं संख्याशास्त्र, आतापासून शिकायला लावा, ते नंतर जमत नाही. पैसे क्लिनिकवाल्यांपेक्षा कमीच मिळतील, ते घरच्यांपासून लपवू नका, नाहीतर तिसऱ्या वर्षी परत हीच भांडणं.