पंचायतीच्या टच मशीनमधून दृष्टिहीन भावाला दाखला काढता येत नाही. खरेदीचा काही नियम आहे का?

आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 42 बघा. माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येईल असंच हवं, हे त्यात आहे. त्यासाठीचं भारतीय मानक म्हणजे आयएस 17802. युरोपच्या ईएन 301 549 या मानकावर बेतलेलं हे मानक 2023 मध्ये कायद्याच्या नियमांतही आलं.

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत दाखल्यापायी मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं, म्हणून गावात मशीन येणं मोठीच सोय. पण काचेवर नुसती चित्रं असली, आवाज नसला, तर दृष्टिहीन माणसाला ती भिंतच. इयरफोनची जागा, मराठीत बोलणारी सूचना, हाताला लागणारी बटणं आणि चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल अशी उंची, एवढं तपासा. मराठी आवाज तर सोडूच नका.

ग्रामसभेत लेखी मागणी द्या: पुढच्या निविदेत आयएस 17802 ची अट घाला आणि बिल काढण्याआधी गावातल्याच दिव्यांगांना मशीन वापरून बघू द्या. एकदा पैसे गेले की पुरवठादार फिरकत नाही, हा माझा अनुभव. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा.