प्रेतावरच्या अळ्यांचा डीएनए कशासाठी काढतात? त्यावरून मृत्यूची वेळ कळते का?

तुम्ही लिहिलंय की बातमीत 'अळ्यांच्या डीएनएवरून मृत्यूची वेळ काढली' असं वाचलं, आणि बीएस्सीच्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा का असं विचारलंय. बातमीतलं वाक्य अर्धवट आहे. डीएनएवरून फक्त माशीचं नाव कळतं. वेळेचा अंदाज येतो तो अळीच्या वयावरून, आणि वय काढायचं तर आधी नाव हवं. एमएस्सीला मी याच माशांवर काम केलंय, म्हणून जरा लांबण लावते.

प्रेतावर येणाऱ्या हिरव्या-निळ्या चकचकीत माशा अंडी घालतात. सार्कोफॅगिडी कुळातली राखाडी माशी वेगळी. पाठीवर तीन काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी, डोळे तांबूस. मासळी बाजाराच्या कचऱ्यापाशी हमखास दिसेल. ही बया अंडी घालत बसत नाही, थेट जिवंत अळ्या सोडते. म्हणजे अंडं फुटायला लागणारा वेळ हिशोबात धरायचाच नाही.

अळी या कुळातली आहे हे मायक्रोस्कोपखाली लगेच समजतं: तिच्या मागच्या टोकाची श्वासरंध्रं एका खोल खळग्यात दडलेली असतात. घोडं अडतं ते त्यापुढे. जगात या कुळाच्या सुमारे 3000 जाती आहेत. अळ्या आणि माद्या बघून जात ठरवणं भल्याभल्यांना जमत नाही. खात्रीची खूण म्हणजे नराचं जननांग. नर ताजा असतानाच वाकवलेल्या बारीक सुईने ते हलकेच बाहेर ओढायचं आणि तसंच वाळू द्यायचं. माशी एकदा कडक झाली की आधी ती मऊ करत बसावं लागतं, आणि घाई केली तर नेमका हवा तोच भाग तुटतो.

प्रेतावर सापडतात त्या बहुतेक अळ्याच, म्हणून डीएनए. एकेका पेशीत मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या भरपूर प्रती असतात, त्यामुळे वाळक्या तुकड्यातून, कधीकधी कोषाच्या रिकाम्या कवचातूनही तो मिळतो. अळ्या गरम पाण्यात मारून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवायच्या. फॉर्मॅलिनमध्ये टाकल्या की डीएनएची वाट लागते, आणि शवागारात हाताशी असतं ते नेमकं फॉर्मॅलिन! प्रौढ माशी असेल तर एक पाय पुरतो. बाकीची माशी टाचून जपून ठेवायची, उद्या कुणी नावावर बोट ठेवलं तर दाखवायला.

मग मायटोकाँड्रियातल्या सीओआय या जनुकाचा 658 अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या घटकांचा) तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने, वाढवतात. त्यासाठीचे प्रायमर (तुकड्याची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे धागे) 1994 साली प्रसिद्ध झाले, आजही तेच चालतात. सीक्वेन्सिंग, म्हणजे ही अक्षरं क्रमाने वाचणं, बाहेरून करून मिळतं. फाइल आली की आधी आलेख डोळ्यांनी बघायचा: सुरुवातीची काही अक्षरं गढूळच असतात, ती कापायची, पुढे एकाच जागी दोन शिखरं दिसली की थांबायचं. तुकड्याचं प्रथिनात भाषांतर करून मध्येच थांब-संकेत (प्रथिन इथे संपलं असं सांगणारी खूण) आला, तर हाती लागलेली प्रत मायटोकाँड्रियातली नसून केंद्रकात जाऊन बसलेली असू शकते.

माझ्या मते यातली खरी मेख आहे तुलनेत. जेनबँकेत, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सीक्वेन्सच्या साठ्यात, 99 टक्के जुळलं म्हणून उड्या मारू नका. तिथे नोंद करणाऱ्यानेच माशी चुकीची ओळखली असेल तर तुम्हीही तेच चुकीचं नाव घेऊन घरी येता. तो सीक्वेन्स कुठल्या नमुन्याचा, नर तपासला होता का, नमुना अजून कुठे ठेवलाय का, हे बघायचं. सख्ख्या बहिणींसारख्या काही जातींत एवढ्याशा तुकड्याने फरक कळतही नाही. तिथे दुसरं जनुक जोडीला घ्यावं लागतं.

नाव पक्कं झालं की खरा हिशोब तापमानाचा, कारण अळी किती भराभर वाढते ते त्यावर ठरतं. मुंबईत आकडे मिळतात कुलाबा किंवा सांताक्रूझ वेधशाळेचे, आणि प्रेत असतं पत्र्याच्या छपराखालच्या बंद खोलीत. म्हणून घटनास्थळी काही दिवस तापमान नोंदवून दोन्हींचा ताळा बसवतात. त्यात अळ्यांचा गोळा स्वतःच उष्णता निर्माण करतो. शिवाय प्रेतात काय होतं यावरही वाढ अवलंबून: बोएटचेरिस्का पेरेग्रिना या राखाडी माशीच्या अळ्या कोकेन असलेल्या मांसावर भराभर वाढतात, हे 1989 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं.

त्यामुळे जबाबदार तज्ज्ञ 'मृत्यू अमुक वाजता झाला' असं म्हणत नाही. अळ्या किमान किती काळ प्रेतावर होत्या एवढंच सांगतो. न्यायालयातही ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचं मत म्हणूनच जातं.

प्रकल्प जरूर घ्या, फक्त सीक्वेन्सिंगचे दर विचारण्याआधी नर ओळखणारा कुणीतरी गाठा. आणि कोंबडीची कलेजी गच्चीत ठेवून माशा पकडणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. दुसऱ्या दिवशी वास तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरतो.