आधी दिवस मांड

सप्रेम आशीर्वाद.

फ्रान्समधल्या ल तोरोनेच्या ख्रिस्ती मठाचा चौक नकाशात काटकोनात बसेना म्हणून तू रात्रभर मापं तपासलीस आणि पहाटे मला विचारलंस, ‘सर, विषयच बदलू का?’ अजिबात नाही. तुझी मापं बरोबर आहेत. तो चौक मुळातच वाकडा आहे. जमीन उताराची, त्यामुळे ओवरीच्या चारही बाजू एका पातळीत नाहीत, चालता चालता पायऱ्या लागतात.

दुसरी तक्रार, चौक चर्चच्या उत्तरेला का? पाठ्यपुस्तकात तो दक्षिणेला असतो, उन्हासाठी. अगं, पण पाणी कुठल्या बाजूला होतं ते पाहिलंस का? आधी दिवस मांड, मग भिंती काढ. वर्गात हे ऐकून तुम्ही सगळे हसायचात.

बाराव्या शतकातला, सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा मठ हा. संत बेनेडिक्टने साधूंसाठी लिहिलेल्या नियमावलीप्रमाणे हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला उठायचं. तास घड्याळाचे नव्हेत, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेचे बारा भाग. काळोखात, थंडीत थेट प्रार्थनेला जायचं, म्हणून शयनगृह पूर्वेला माडीवर आणि तिथून चर्चमध्ये उतरणारा जिना. खाली सभागृह, तिथे रोज नियमावलीतलं एक प्रकरण वाचायचं, आपापल्या चुका सर्वांसमोर कबूल करायच्या. जेवणाआधी हात धुवायचे, म्हणून भोजनगृहासमोर चौकात पुढे आलेलं ते षटकोनी दालन. तू ते ‘शोभेचा घटक’ म्हणून रंगवलंस! शोभा कसली, हात धुवायची जागा आहे ती. संध्याकाळी चर्चला लागून असलेल्या ओवरीत दगडी बाकांवर बसून वाचन ऐकायचं, शेवटची प्रार्थना झाली की सकाळपर्यंत मौन. आता सांग, यातली कुठली भिंत दिवसाशिवाय कळली असती?

आणि ‘आपल्या वाड्याच्या चौकासारखाच’ हे वाक्य खोडून टाक. वाड्याच्या चौकात पाहुणा येतो, पोरं खेळतात, वाळवणं पडतात. इथे शेतात राबणारे, त्याच मठाचे श्रमिक बंधूसुद्धा ओवरीत यायचे नाहीत, त्यांची सोय पश्चिमेला वेगळी.

मी तोरोने पाहिलेलं नाही, आता पाहणं होईल असंही वाटत नाही. तरुणपणी एका कार्यालयात वसतिगृहाचं काम आलं, तेव्हा मुली कधी उठतात, न्हाणीपुढे रांग किती वेळ असते, एवढंच विचारलं होतं. ‘वेळापत्रक शिक्षकांना करू दे, तू प्लॅन काढ,’ असं उत्तर मिळालं. मी काढला नाही. नोकरी गेली, शिकवायला लागलो. माझ्याबरोबरच्यांच्या नावावर मोठमोठ्या इमारती आहेत, माझ्या नावावर तुम्ही पोरं. हट्टी म्हणतात मला, म्हणोत. त्या वसतिगृहातल्या मुली बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहायच्या, ते मी नंतर जाऊन पाहिलंय.

असो. चिडून लिहितोय, पण तुझ्यावर नाही. चाललंय तुझं काम चांगलं, आणि रेखाटनाचा हात तर माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.

एक सांगायचं राहिलं. शनिवारी त्या आठवड्याचे स्वयंपाकी सगळ्यांचे पाय धुवायचे. सगळे बसणार कुठे, पाणी कुठून आणणार, आधी ते कागदावर मांड. पुढचा नकाशा त्यानंतर पाठव, आणि जेवून झोप.