हौशी गणितज्ञांनी नंबर थिअरीत टाकलेली, पण दुर्लक्षित राहिलेली भर शोधायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

नाशिकजवळच्या देवळालीपासून करा. तिथले शाळामास्तर द. रा. कापरेकर. त्यांचा 6174 सगळ्यांना तोंडपाठ आहे (सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी हाच आकडा येतो) आणि माझा राग त्यावरच आहे, कारण त्या एका आकड्याखाली त्यांचं बाकीचं काम गाडलं गेलं.

एम.एस्सी.ला सेमिनारसाठी मी कापरेकर संख्या घेतल्या होत्या. फळ्यावर 45 लिहिले. वर्ग 2025, त्याचे तुकडे 20 आणि 25, बेरीज पुन्हा 45. मग 297: वर्ग 88209, 88 अधिक 209, पुन्हा 297. तेवढ्यात आमचे एक प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "ही शाळामास्तरांची करमणूक झाली. यात गणित कुठंय?" पोरं हसली. मी बसलो नाही. शेजारी 45 × 44 केलं. 1980, म्हणजे 99 ची बरोबर 20 पट. 297 × 296 = 87912, म्हणजे 999 ची 88 पट. कारण अगदी सरळ आहे. वर्ग म्हणजे 100क + ख, आणि मूळ संख्या क + ख. वजाबाकी केली की 99क उरतं. लागोपाठच्या दोन संख्या सहमूळ असतात, म्हणजे 1 सोडून दोघींना भाग जाणारी संख्या नसते, त्यामुळे 99 मधले 9 आणि 11 त्यांच्यात वाटले जातात. 45 कडे 9 गेला, 44 कडे 11. 55 घेतले तर उलटी वाटणी. म्हणजे कापरेकर संख्या शोधणं हे 99, 999, 9999 यांचे सहमूळ भाग पाडणं आहे! सर फक्त "वेळ संपली" म्हणाले. हाच संबंध गणितज्ञ डग्लस इयानुचींनी 2000 साली रीतसर प्रसिद्ध केलाय.

कापरेकर 1930 पासून 1962 पर्यंत शाळेत शिकवत होते. पुष्कळ काम त्यांनी पदरमोड करून छोट्या पुस्तिकांतून छापलं. 1975 मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे आपल्याकडे त्यांच्या नावाची दखल घेतली जाऊ लागली. याची मला लाज वाटते. त्यांच्या स्वयंभू संख्या बघा: अशी संख्या, जी कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. 21 होते, 15 + 1 + 5. 20 कशानेच होत नाही.

भारताबाहेर जर्मनीचे कुर्ट हीग्नर यांचं नाव घ्या. रेडिओ इंजिनिअर माणूस. थोर गणितज्ञ गाउसच्या एका जुन्या प्रश्नाची त्यांची 1952 ची सिद्धता सदोष ठरवून बाजूला टाकली गेली. 1965 मध्ये ते वारले, आणि सिद्धता मुळात बरोबर होती हे त्यानंतर मान्य झालं.

तेव्हा जुन्या पुस्तिका आणि नियतकालिकांचे जुने अंक चाळा, लेखकाची पदवी बघू नका. हो, एक सांगायचं राहिलं: 6174 दशमान पद्धतीला बांधलेला आहे, हा आक्षेप रास्त आहे. आणि हौशी मंडळींच्या कागदांत फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या (शतकानुशतकं न सुटलेला प्रसिद्ध प्रश्न) चुकीच्या सिद्धताही ढिगाने असतात, त्या चाळून वेगळ्या काढाव्याच लागतात.

पण कोणी "यात गणित कुठंय" म्हणालं तर त्यांना 703 × 702 करायला सांगा आणि उत्तराला 999 ने भागायला लावा. 494 येतात, बाकी शून्य.