मुलांच्या फुटबॉल मॅचला पालकांनी बाजूने ओरडून सूचना द्याव्यात का?

तुमचा मुलगा अंडर-१० खेळतो, तुम्ही लाइनवर उभे राहून त्याला 'मागं ये', 'पास दे' असं सांगता आणि कोच तुम्हाला गप्प राहायला सांगतात. ते बरोबर आहे का, आणि दुसरे पालक रेफ्रीवर धावून जातात तेव्हा काय करायचं, हे तुम्ही विचारलंय. कोच बरोबर आहेत. एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण तुम्ही 'रेफ्री' हा शब्द लिहिलात आणि माझी मुलगी रेफ्री आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल घरात वाढतो. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही इथल्या टीमची नावं मुलांना पाढ्यांच्या आधी येतात. आबा मला आणि दादाला सायकलवर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. त्या वेळी स्टँडमध्ये बायका बोटावर मोजण्याइतक्याच असायच्या. त्यामुळे मला ओरडण्याचं वावडं आहे असं समजू नका. पेठेची टीम उतरली की घसा बसेपर्यंत मी ओरडले आहे.

माझी मुलगी शाळेकडून खेळली, नंतर गुडघा दुखावला म्हणून तिने रेफ्रीची परीक्षा दिली. १८ व्या वर्षी पास झाली. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ च्या मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपला जॉर्डनमध्ये असिस्टंट रेफ्री, म्हणजे लाइनवर झेंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या रेफ्री, होत्या. त्यांचा फोटो हिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

मे २०२२. सुट्टीतली अंडर-१३ ची स्पर्धा, सेमीफायनल. एका बाजूच्या लाइनवर नेमलेला मुलगा आला नाही म्हणून संयोजकांनी ऐनवेळी हिला उभं केलं. हिने आधीच सांगितलं, यात माझा मामेभाऊ खेळतोय. दोन्ही कोच म्हणाले, चालेल. मामेभाऊ म्हणजे दादाचा मुलगा, माझा भाचा. बॅकला, म्हणजे मागे बचावाला खेळतो, आणि चांगला खेळतो. दादा लाइनला लागूनच उभा होता, वहिनी आणि मी थोड्या मागे, गाड्या लावल्या होत्या तिथे.

दादा पहिल्या मिनिटापासून बोलत होता. 'चढ', 'सोड', 'काढ तिथनं', 'अरे बघतोयस काय'. भाचा प्रत्येक वेळी आधी बॉलकडे बघायचा, मग बापाकडे, मग पाय उचलायचा. तो मधला अर्धा सेकंद मला लांबून दिसत होता. तुम्ही विचारलंय ना, सूचना दिल्याने मुलाला मदत होते का? पुढच्या मॅचला बॉलकडे बघूच नका. फक्त मुलाची मान बघा, ती किती वेळा तुमच्याकडे वळते ते मोजा. शिवाय कोचने त्याला एक सांगितलेलं असतं आणि तुम्ही दुसरं सांगत असता. दहा वर्षांच्या मुलाने दोघांपैकी कुणाचं ऐकायचं? घरी तर तुमच्याबरोबरच यायचंय. तो तुमचंच ऐकणार.

असो. शून्य-शून्य चाललेलं, सात-आठ मिनिटं राहिलेली. समोरच्या टीमला आमच्या बाजूच्या लाइनवर थ्रो-इन मिळाला. त्या पोराने लांब थ्रो टाकला, बॉल बॅकच्या डोक्यावरून मागे पडला. मागे त्यांचा फॉरवर्ड एकटाच होता. भाचा त्याच्यापासून दोन पावलांवर. गाठला असता, नक्की गाठला असता. तेवढ्यात दादा ओरडला, "ऑफसाइड! ऑफसाइड हाय, थांब!" भाचा थांबला. हात वर केला, मोठे बॅक करतात तसा. फॉरवर्ड थांबला नाही. गोल.

फुटबॉल बघणाऱ्याला हे सांगायला लागू नये, तरी सांगते, कारण दादा तीस वर्षं फुटबॉल बघतोय. ऑफसाइड म्हणजे पास निघतानाच बॅकच्या पलीकडे, गोलच्या बाजूला उभं राहून तो घेणं. पण थ्रो-इनवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. गोल किकवरून नसतो, कॉर्नरवरून नसतो. नियम ११. माझ्या मुलीने फ्लॅग खाली ठेवला, तो बरोबर ठेवला.

गोल झाला की असिस्टंट रेफ्री लाइनवरून मध्यरेषेकडे पळत जातो. गोल मान्य असल्याची ती खूण असते. ही तशी पळाली. दादाला वाटलं पळून चालली. तो लाइनच्या बाहेरून तिच्याबरोबर धावत गेला आणि पन्नास-साठ माणसांसमोर स्वतःच्या भाचीला म्हणाला, "झेंडा कशाला दिलाय हातात? पोरीच्या हातात झेंडा दिला की हेच व्हायचं." मग आणखी तिघं-चौघं पुढे आले. त्यांना तर ती कोण हेही माहीत नव्हतं. त्यांनी जे शब्द वापरले ते मी इथे लिहिणार नाही.

ती मैदानाकडे तोंड करून उभी राहिली. तसंच शिकवलेलं असतं, प्रेक्षकांशी बोलायचं नाही. फ्लॅग मात्र हातात थरथरत होता. मी आई असून जागची हलले नाही. मी पुढे गेले असते तर उद्या सगळे म्हणाले असते, रेफ्रीची आई भांडायला आली. रेफ्रीने खेळ थांबवला, दोन्ही कोचना बोलावलं आणि पालक मागे गेल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही म्हणून सांगितलं. पालकांना कार्ड दाखवता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोचला दाखवता येतं. बाहेरचे लोक आवरेनात तर रेफ्री खेळ थांबवू शकतो, तहकूब करू शकतो, मॅच बंदही करू शकतो. म्हणजे शिक्षा मुलांना होते.

मॅच एक-शून्यने गेली. भाचा नळाखाली डोकं धरून बसला होता. दादा तेव्हा संयोजकांशी वाद घालत होता. माझी मुलगी किट न बदलता त्याच्याशेजारी जाऊन बसली. तो तिला एवढंच म्हणाला, "ताई, पप्पा थांब म्हणाले म्हणून थांबलो."

त्या दिवशी हिला दोनशे रुपये मिळाले. पाकीट तिने आठवडाभर उघडलं नाही. नंतर एकदा रात्री तिने मला नेदरलँड्समधली एक गोष्ट सांगितली. आल्मेरे शहरात डिसेंबर २०१२ मध्ये रिचर्ड न्यूवेनहाउझेन नावाचा ४१ वर्षांचा माणूस मुलाच्या टीमच्या मॅचला लाइन्समन म्हणून उभा होता. मॅच संपल्यावर समोरच्या टीमच्या पोरांनी त्याला मारलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. शिक्षा झालेल्यांमध्ये त्या पोरांबरोबर त्यांच्यातल्या एकाचा पन्नाशीचा बापही होता. त्याला सहा वर्षांची झाली. हे ऐकून मला झोप लागली नाही. आपली पोर तेच काम करते, त्याच जागेवर उभी राहते.

आता दादाचं म्हणणंही मांडते, कारण तीन वर्षं आमच्या घरात हाच वाद आहे. गौरी-गणपतीला होतो, आबांच्या श्राद्धालासुद्धा झाला. तो म्हणतो, हिने माझ्या पोराची फायनल घालवली. नियम दाखवल्यावर म्हणाला, नियम काहीही असो, शिव्या खाल्ल्याशिवाय पोरं घट्ट होत नाहीत, खेळणारीही आणि शिट्टीवालीही. आणि वर, आबा पण ओरडायचेच की.

आबा ओरडायचे, पेठेच्या टीमसाठी. मैदानात मोठी, मिशा फुटलेली माणसं असायची आणि ती हजारोंच्या आवाजात खेळायची. तिथे एकट्याचा आवाज खेळाडूच्या कानापर्यंत पोचत नाही. शाळेच्या मॅचला लाइनवर चार पालक असतात, मैदान लहान, आणि मुलाला बापाचा आवाज कितीही गलक्यात ओळखू येतो. दादा स्वतः शाळेकडून खेळायचा तेव्हा आबा गोलपोस्टच्या मागे उभे असायचे. मी त्यांचं बोट धरून असायचे. खिशात लिंबाच्या फोडी आणि कागदात बांधलेलं मीठ. हाफ टाइमला ते दादाच्या हातात द्यायचे. संपूर्ण मॅचमध्ये एक अक्षर बोलायचे नाहीत. दादा खेळत होता, त्याने ते पाहिलं नसेल. मी पाहिलंय.

'पोरीच्या हातात झेंडा' याचंही उत्तर त्याच वर्षी मिळालं. १ डिसेंबर २०२२ ला कतारच्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टारिका-जर्मनी मॅचला स्टेफनी फ्रापार रेफ्री होत्या, आणि दोन्ही लाइनवर बायकाच, नेउझा बॅक आणि कारेन दियाझ. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी आणि मुलगी जागून बघत होतो. पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदाच असं घडत होतं. दादाला फोन लावावासा वाटला, लावला नाही.

इतर देशांत यावर बरंच करून झालंय. अमेरिकेत ओहायोमधल्या मुलींच्या एका लीगने १९९९ साली एक रविवार ठरवून पालकांना पूर्ण गप्प राहायला लावलं, पुढे ती पद्धत कितीतरी ठिकाणी पसरली. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये मोहीम काढली, त्यात पालकांसाठी लाइनपासून मागे दोरी किंवा पट्टी बांधतात. आपल्याकडे एक दोरी बांधायला काय खर्च आहे? चुन्याची दुसरी रेघ ओढली तरी पुरेल. तुमच्या कोचना सांगून बघा. नुसतं 'गप्प राहा' म्हणण्यापेक्षा रेघ दाखवणं सोपं जातं.

दुसऱ्या पालकांबद्दल: तिथल्या तिथे भांडू नका, मुलं बघत असतात. त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा, पाण्याची बाटली द्या, काहीतरी बोला. शेजारी माणूस आला की आवाज निम्मा होतो. तरी नाही थांबला तर संयोजकांना सांगा, आणि मॅच संपल्यावर रेफ्रीला 'थँक यू' म्हणून या. त्या दिवशी एक आजोबा माझ्या मुलीजवळ येऊन "बाळ, गोल बरोबर होता" एवढंच म्हणून गेले. तिने रेफ्रीगिरी सोडली नाही याला मी त्यांना कारण समजते.

आता काही गोष्टी राहिल्या. माझी मुलगी चुकत नाही असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षी एका मॅचला तिने हाताला लागलेल्या बॉलवर पेनल्टी दिली, ती द्यायला नको होती, हे तिनेच घरी येऊन सांगितलं. चांगल्या खेळाला टाळ्या वाजवा, 'शाब्बास' म्हणा, समोरच्या टीमच्या पोरालाही म्हणा. आणि कोचच मुलांना शिव्या देत असेल, मारत असेल, किंवा वळवाच्या दिवसांत वीज कडाडत असूनही खेळ चालू ठेवत असेल, तर गप्प बसू नका. सरळ मैदानात जा आणि पोराला बाहेर काढा.

शेवटचं दादासाठी. तो हे वाचणार, वहिनी त्याला दाखवेलच. दादा, त्या गोलचा व्हिडिओ तूच काढला होतास आणि तूच घरच्या ग्रुपवर टाकला होतास, माझी मुलगी चुकली म्हणून. दुसऱ्या दिवशी काढून टाकलास, पण माझ्याकडे आहे. तू सगळ्यांना तो आवाज बंद करून दाखवतोस. एकदा आवाज चालू करून बघ. अकराव्या सेकंदाला तुझा "थांब" आहे, बाराव्याला पोराचा हात वर जातो, चौदाव्याला बॉल आत.