उडी नंतर, आधी उतरणं

प्रिय खेळाडू,

बास्केटबॉलच्या झोनल स्पर्धेला बारा आठवडे आहेत आणि उडी वाढवायला रोज शंभर बॉक्स जंप, म्हणजे खोक्यावर उड्या, मारू का, असं विचारलंयस. नको मारूस. सिमेंटच्या कोर्टवर सरावात ले-अप, रिबाउंड, जंप शॉट धरून तुझ्या पायांना आधीच पुष्कळ उड्या बसतात. तुला कमी पडतंय ते उतरणं आणि थांबणं.

बास्केटबॉलमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, तुटतो तो बरेचदा कुणाचा धक्का न लागता. रिबाउंड घेऊन एका पायावर उतरताना किंवा पूर्ण वेगात दिशा बदलताना पंजा जमिनीला धरून राहतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि आत वळतो. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे.

म्हणून उड्यांऐवजी पहिले दोन आठवडे एवढंच कर. फूटभर उंचीच्या पायरीवरून एक पाय पुढे टाकून खाली ये, वर उडायचं नाही. दोन्ही पायांवर उतर आणि तीन सेकंद हलू नकोस. पाच वेळा, तीन सेट, आठवड्यातून दोनदा. मैत्रिणीला समोरून व्हिडिओ काढायला सांग. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतात का ते बघ आणि आवाज ऐक. धप्प आवाज आला म्हणजे गुडघे आणि कंबर वाकवून भार झेलला नाहीस. हे स्वच्छ जमलं की एका पायावर, पण पायरी निम्म्या उंचीची. एका पायावर बहुतेकींचा गुडघा आत जातो, आणि तिथे बरेचदा कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडत असतात. त्यासाठी साइड प्लँक, म्हणजे कुशीवर एका कोपरावर अंग सरळ तोलून धरायचं, दोन्ही बाजूंना 30 सेकंद, तीनदा. तिसऱ्या आठवड्यापासून खऱ्या उड्या घे, तेव्हाही एका दिवसात साठाच्या वर नाहीत, आणि वजनं उचलण्याआधी. दमलेल्या पायांनी मारलेली उडी चुकीचं उतरणंच पक्कं करते.

जिम आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये किमान दोन दिवस सोडून. सुरुवात गॉब्लेट स्क्वॉटने, 10 किलोचा डंबेल छातीशी धरून. तो सहज झाला की बार घे. कॉलेजच्या जिममधली बार 20 किलोची असेलच असं नाही. एकदा वजनकाट्यावर ठेवून बघ, नाहीतर वजनं लिहिलेली तुझी वहीच खोटी ठरेल. सहाचे चार सेट, प्रत्येक सेटच्या शेवटी अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. मध्ये अडीच-तीन मिनिटं बस, मोबाईल बघत बसलीस तरी चालेल. चारही सेट नीट झाले तरच पुढच्या वेळी 2.5 किलो वाढव. पाय डगमगत असतील तर आधी बूट बदल. जाड, मऊ सोलवर स्क्वॉट डगमगतो. सपाट तळाचे कॅनव्हास बूट बरे.

त्यानंतर रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे बार मांड्यांलगत धरून पुढे झुकायचं आणि परत उभं राहायचं, आठचे तीन सेट. इथे गुडघे किंचित वाकलेले, कंबर मागे, पाठ सरळ. पाठीत ताण आला आणि मांडीच्या मागे काहीच नाही, तर तू कंबरेतून न वाकता पाठीतून वाकते आहेस. मग स्प्लिट स्क्वॉट, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक, प्रत्येक पायावर आठ. मग नॉर्डिक: गुडघ्यांवर बस, मैत्रीण घोटे दाबून धरेल, तू जमेल तितकं हळू पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. पाचचे दोनच सेट. पहिल्या आठवड्यात मांड्या मागून चांगल्याच दुखतील, म्हणून सामना जवळ असताना हे सुरू करायचं नाही. पोटऱ्यांसाठी टाचा उचल, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे. वरच्या अंगाला पुशअप, डंबेल रो (वाकून एका हाताने डंबेल कमरेकडे ओढणं) आणि पुलअप. पुलअप येत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि पाच सेकंदात खाली ये.

दम वाढवायला रोज पाच किलोमीटर धावण्यावर माझा फारसा विश्वास नाही. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा, त्यात जोरात पळणं काही सेकंदांचंच असतं. बास्केटमागच्या एका रेषेपासून (बेसलाइन) दुसरीपर्यंत 28 मीटर जा आणि परत ये, साधारण 12 सेकंदांत, मग 30 सेकंद विश्रांती. असे आठ, तीन मिनिटं थांबून पुन्हा आठ. वळताना एकच सरळ पाय रोवू नकोस, दोन-तीन छोटी पावलं टाकत खाली बसून थांब. आठवड्यातून दोनदा. साइडलाइन ते साइडलाइन मिनिटात सतरा वेळा ही शिक्षेसारखी कसरत हरल्यावर रोज करायला लावतात, तिचा उपयोग रागापुरताच.

गुडघ्याच्या वाटीच्या खाली टोचणारं दुखणं, खेळताना कमी आणि दुसऱ्या सकाळी जिन्यावर जास्त, असं असेल तर पूर्ण विश्रांती घेऊ नकोस. भिंतीला टेकून बसायचं, 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तरी चालेल. सकाळी वाढलं तर त्या आठवड्यात उड्या कमी. पण गुडघ्यातून 'कट्' आवाज येऊन तासाभरात सूज आली, किंवा घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत, तर बर्फ लावून वाट बघत बसू नकोस, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

झोनल सुरू झाली की सेट निम्मे कर, वजन मात्र तेच ठेव. वजनही कमी केलंस तर कमावलेली ताकद हळूहळू ओसरू लागेल. सामन्याच्या आदल्या दिवशी पायांचा व्यायाम नको.

60 किलो वजनाला दिवसाला साधारण 95 ग्रॅम प्रथिनं लागतील. पोहे आणि चहावर सकाळ काढलीस तर ती भरून निघत नाहीत. दोन अंड्यांत 12 ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये 25 च्या आसपास. बाकी दूध, दही, डाळ, पनीर, मासे घरी जे असेल ते. जिममध्ये कुणी बिनलेबलचा डबा दिला तर घेऊ नकोस, डोपिंगमध्ये सापडलीस तर 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

आणि दुसऱ्या डावातच धाप लागते असं लिहिलंयस, त्याला कसरत हे उत्तर नसेलही. या आठवड्यात रक्ताच्या दोन तपासण्या करून घे: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग बेसलाइनवरचं धावणं. आकडे मला कळव, आणि सोबत उतरण्याचे दोन व्हिडिओ पाठव, एक समोरून, एक बाजूने.